नीर ब्याड

लेकीने पणजीहून पाकीट धाडलं,
आत बी असं की शिंकलो असतो
तर शेजाऱ्यांची बाग झाली असती.
थाइम, म्हणाली फोनवर. तिच्या हॉटेलात
पावावर भुरभुरतात, माशाच्या पोटात भरतात.
मी म्हटलं, मराठीत काय म्हणतात?
म्हणाली, बाबा, थाइमच म्हणतात.

एवढं बारीक बी मी पाहिलेलं आहे.
निपाणीकडे, आमच्या तंबाखूच्या तरव्यात.
आई चिमूटभर बी ओंजळभर राखेत कालवायची
आणि वाफ्यावरून हात असा न्यायची
जसा झोपलेल्या पोराच्या अंगावरून.
तसंच केलं. राख मात्र
अनगोळात आता मागून आणावी लागते.
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मल्लाप्पाने दिली,
कोळशाची, पेपरात बांधून,
कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

तेलाच्या डब्यात, अकराव्या दिवशी, हिरवी धूळ.

मग मी पाणी घातलं.
सकाळी घातलं. रिटायर माणसाला
दुपारी काय काम, म्हणून दुपारी घातलं.
नळाला पाणी आलं की, आलंय म्हणून घातलं.
रोपं देठाशी काळी पडून
एकेक आडवी होत गेली, आणि मी
आणखी एक तांब्या.

कंपाउंडच्या पलीकडून नीलव्वा हिरेमठ
चार दिवस बघत होत्या.
पाचव्या दिवशी म्हणाल्या, "नीर ब्याड री."
पाणी नको.
मग माझ्यासाठी मराठीत,
"त्येला तहान लागू दे की वो.
तुमी लागूच दीनासा."

तीस वर्षं उद्यमबागेत साचे भरले मी.
वाळू मला कळते. मुठीत दाबून उघडली
की सांगायचो ओल किती,
वाफ कुठून निघेल,
कुठे कोंडून अख्खं कास्टिंग वाया जाईल.
आणि घरी डब्यात चिखल करून बसलो होतो!

गेलो जुन्या शेडवर. वॉचमन नवा होता,
नाव सांगितलं, ओळखलं नाही,
पण घमेलंभर वाळू नेऊ दिली,
कोरी, मळी न लागलेली.
डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं, वर कौलाचे तुकडे,
दोन वाटे वाळू, एक वाटा लाल माती.
सात उरली होती, त्यातली तीन जगली.
आपल्याकडची झड तुम्हाला माहीत आहे,
आषाढात काडेपेटीसुद्धा पेटत नाही.
डबा पागोळीपासून हातभर आत,
खिडकीच्या कट्ट्यावर.

श्रावण सरताना नीलव्वांनी एक पान चुरडलं.
"ओंकाळू," म्हणाल्या.
मी हुंगलं. ओवा, म्हटलं.
दोघंही थोडे चुकलो, पण एकाच बाजूला.

त्यांचा नातू बसू म्हणाला, पाटी लावूया?
कुठल्या अक्षरात, असं मी विचारायच्या आत
त्याची आजी हसायला लागली.
ह्या गावात पाटी म्हटलं की
पुढचं सगळ्यांना पाठ आहे.
डब्यावर आधीच छापलेलं होतं:
शेंगदाणा तेल, १५ किलो.
तेच राहिलं.

लेक गणपतीला आली.
काडी मोडून बघितली, म्हणाली,
हॉटेलात येतो त्यापेक्षा उग्र आहे.
उपाशी ठेवलाय, म्हटलं.
लहानपणी मी कामावरून आलो
की ती माझे हात ढकलायची,
जळक्या मळीचा, लोखंडाचा वास,
साबणाने न जाणारा.
आता तीच बोटं नाकाशी धरून
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, बाबा,
हा आमटीत नका हं घालू.

घातला होता आम्ही.
दोन्ही घरांत.